गोळी खाल्ली, तरी पुन्हा जंत?

‘शाळेत जंताची गोळी खाऊन सहा महिने झाले नाहीत, आणि पोराच्या पोटात पुन्हा जंत कसे?’ वसमत तालुक्यातल्या कुरुंद्यासारख्या शेतीच्या गावात आरोग्य केंद्रात हा प्रश्न हमखास विचारला जातो. प्रश्न रास्त आहे. गोवर एकदा येऊन गेला की सहसा जन्मभर पुन्हा येत नाही. मग जंत एकदा पडून गेल्यावर शरीर धडा का घेत नाही?

शरीर धडा घेतं, पण अर्धाच. जंतांशी ते जोमानं लढतं, काहींना बाहेरही काढतं. मात्र दार कायमचं बंद करणं त्याला जमत नाही. हे एकदा नीट कळलं की गोळी वर्षातून दोनदा का, रक्ताच्या रिपोर्टमध्ये ‘इओसिनोफिल’ वाढलेले दिसले तर काय समजायचं आणि ‘प्रतिकारशक्ती वाढवणाऱ्या’ बाटल्यांवर पैसे घालवायचे की नाही, या तिन्ही प्रश्नांची उत्तरं सोपी होतात.

कोणते जंत, कुठून येतात

आपल्याकडे मातीतून पसरणारे जंत मुख्यतः तीन. पहिला गोल जंत: गांडुळासारखा दिसणारा, वीतभर किंवा त्याहून लांब. एक मादी दिवसाला सुमारे दोन लाख अंडी घालते. दुसरा चाबूक जंत, जो मोठ्या आतड्याच्या अस्तरात डोकं खुपसून बसतो. तिसरा हूकवर्म, म्हणजे अंकुशकृमी: जेमतेम सेंटिमीटरभर, पण आतड्याला चिकटून रक्त पिणारा.

तिघांचा उगम एकच, माणसाची विष्ठा. गाई-म्हशींच्या शेणातून हे जंत येत नाहीत, त्यामुळे शेणखताला दोष देऊ नका. उघड्यावर शौचाला बसलेल्या माणसाच्या विष्ठेतून अंडी मातीत पडतात. गोल जंताचं अंडं पडल्या पडल्या बाधत नाही. ओल आणि ऊब मिळाली तर दोन ते चार आठवड्यांत त्यात अळी तयार होते. मग ते हाताला, नखांत, धुतल्याशिवाय खाल्लेल्या मुळ्याला किंवा कोथिंबिरीला लागून पोटात जातं. हूकवर्मची वाट वेगळी. त्याची अंडी मातीतच फुटतात, आठवडाभरात अळ्या तयार होतात आणि त्या अनवाणी पायाच्या, कधी हाताच्याही, कातडीतून थेट शरीरात शिरतात.

आता वसमत तालुक्यातली शेती डोळ्यांसमोर आणा. २०२४मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेली वसमतची हळद मे-जूनमध्ये लागते आणि पुढे आठ-नऊ महिने वावरात असते. पावसाळ्यात पानं दाटली की वाफ्यातली माती सावलीत आणि ओलीच राहते. कडक ऊन आणि कोरडेपणा जंतांची अंडी-अळ्या मारतो. सावली आणि ओल त्यांना जगवते. आपली काळी, चिकण, पाणी धरून ठेवणारी जमीन गोल जंताच्या अंड्यांना विशेष मानवते. अशा मातीत ती महिनोन्‌महिने, कधी काही वर्षंही तग धरतात. हूकवर्मच्या अळ्यांना मात्र भुसभुशीत माती जास्त पसंत. नदीकाठची पोयट्याची जमीन आणि मोकळी केलेले वाफे त्यांच्या सोयीचे. २०२२च्या जुलैत कुरुंद्यात पुराचं पाणी घरांत शिरलं होतं. अशा पुरात शौचालयाचे खड्डे भरून वाहतात आणि एका कोपऱ्यातली घाण गावभर पसरते. म्हणून पूर ओसरल्यावरचे दोन-तीन महिने जास्त जपायचे.

शरीर कसं लढतं

जिवाणू शिरला तर पांढऱ्या पेशी त्याला गिळून टाकतात. जंत पेशीपेक्षा हजारो पटींनी मोठा. त्याला गिळणं शक्य नाही. म्हणून शरीरानं जंतांसाठी वेगळीच रीत ठेवली आहे. नाल्यात कचरा अडकला की आपण जोरात पाणी सोडून तो पुढे ढकलतो, तशीच ती.

सुरुवात आतड्याच्या अस्तरातल्या ‘टफ्ट’ नावाच्या मोजक्या पेशींपासून होते. जिभेवर चव ओळखणाऱ्या पेशींत असते तशीच यंत्रणा या पेशींत असते. जंत आल्याची चाहूल त्यांना लागते आणि त्या इशारा देतात, हे २०१६मध्ये उंदरांवरच्या प्रयोगांतून स्पष्ट झालं. इशारा मिळताच शेजारच्या संरक्षक पेशी रासायनिक संदेश सोडतात आणि आतडं कामाला लागतं. चिकट द्रव वाढतो, त्यामुळे जंताला धरून बसणं अवघड होतं. आतड्यात पाणी सुटतं. स्नायू जोरात आकुंचन पावतात. अस्तराच्या पेशीही नेहमीपेक्षा लवकर झडून नव्या येतात, म्हणजे जंतानं जिथे पकड घेतली ती जागाच सरकते. जंत झालेल्या लेकराला कधी पातळ शी होते, पोटात मुरडा येतो. त्यामागे जंतांचा उपद्रव जसा असतो, तसा शरीराचा हा धुऊन काढण्याचा खटाटोपही असतो.

जंत आतड्यात असतात तोवर ही रीत चालते. पण गोल जंत आणि हूकवर्म यांच्या अळ्या आधी रक्तातून फुप्फुसात जातात, तिथून घशात येतात आणि गिळल्या जाऊन आतड्यात उतरतात. या प्रवासात त्यांना गाठायचं काम इओसिनोफिल या पांढऱ्या पेशी करतात. आयजीई नावाची प्रतिद्रव्यं त्यांना आणि मास्ट पेशींना मदत करतात. ॲलर्जीत शिंका, खाज, दमा घडवणारी यंत्रणा हीच. म्हणूनच अळ्या फुप्फुसातून जात असताना काही जणांना आठ-पंधरा दिवस कोरडा खोकला आणि घरघर होते. हूकवर्मच्या अळ्या शिरल्या तिथे, बहुधा पायाच्या बोटांच्या बेचक्यात किंवा तळव्याच्या कडेला, खाजरे लाल पुरळ उठतात. पावसाळ्यातल्या चिखल्या वेगळ्या. त्यात कातडी पांढरी पडून सोलते.

मग जंत टिकतात कसे

जंत माणसाच्या शरीरात हजारो वर्षं राहत आले आहेत. राहायचं तर घरमालकाशी जुळवून घ्यावं लागतं. जंत असे पदार्थ सोडतात की शरीरातल्या लढाऊ पेशी थंडावतात आणि त्यांना आवर घालणाऱ्या पेशी वाढतात. शरीरालाही यात काही प्रमाणात सोय दिसते. प्रत्येक जंतावर तुटून पडलं तर आतड्याचीच जास्त नासधूस होईल, म्हणून थोडे जंत सोसून जखमा भरत राहायचं, असा हा समझोता आहे. त्यामुळे जंत महिनोन्‌महिने पोटात राहतात. गोल जंताचं आयुष्य एक ते दोन वर्षं. हूकवर्म त्याहून जास्त काळ राहू शकतो.

या समझोत्याची किंमत मोजावी लागते. हूकवर्मच्या जातीप्रमाणे एक जंत दिवसाला ०.०३ ते ०.२ मिलिलिटर रक्त घालवतो. आकडा क्षुल्लक वाटतो. पण पोटात शंभर जंत असतील तर रोजचे ३ ते २० मिलिलिटर होतात, आणि तेही महिनोन्‌महिने. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रिया आणि सहा महिने ते पाच वर्षांपर्यंतची ६८.९ टक्के मुलं रक्तक्षयी आढळली. त्यात आहाराचा वाटा मोठा आहे. पण लोहाच्या गोळ्या खाऊनही हिमोग्लोबिन वाढत नसेल तर जंतांचा विचार करायलाच हवा.

वयाप्रमाणे चित्र बदलतं, हेही ध्यानात घ्या. गोल जंत आणि चाबूक जंत सगळ्यात जास्त सापडतात ते पाच ते पंधरा वर्षांच्या मुलांत. पुढे कमी होतात. हूकवर्मचं तसं नाही. मोठ्या माणसांत, विशेषतः मातीत राबणाऱ्यांत, तो टिकून राहतो, वाढतोही.

‘जंत ॲलर्जी दाबतात, मग थोडे असलेले बरे’ असंही कुणी सांगेल. स्वच्छता वाढली तशी ॲलर्जी वाढली, हा विचार ब्रिटनमधले संशोधक डेव्हिड स्ट्रॅकन यांनी १९८९मध्ये मांडला आणि त्यावर पुढे बरंच काम झालं. परदेशात स्वयंसेवकांना मोजक्या हूकवर्मच्या अळ्या देऊन चाचण्याही झाल्या. पण त्यातून दम्यावर भरवशाचा उपचार हाती आलेला नाही. धडधाकट माणसाला डॉक्टरांच्या देखरेखीत दिलेल्या दहा अळ्या वेगळ्या आणि आधीच अशक्त असलेल्या लेकराच्या पोटातले जंत वेगळे.

रिपोर्टमधले इओसिनोफिल

रक्ताच्या साध्या तपासणीत इओसिनोफिल टक्क्यांत दिलेले असतात. टक्क्यांवर जाऊ नका, संख्या काढा. एकूण पांढऱ्या पेशी गुणिले इओसिनोफिलचे टक्के, भागिले शंभर. समजा एकूण पेशी ९,००० आणि इओसिनोफिल १२ टक्के. तर संख्या १,०८०. ५००पर्यंत साधारण मानतात. त्याहून जास्त म्हणजे वाढलेले. १,५००च्या वर असतील आणि तसेच राहिले तर फिजिशियनला दाखवायलाच हवं.

संख्या वाढली म्हणजे जंतच, असं नाही. दमा, सर्दीची ॲलर्जी, कातडीचे आजार, काही औषधं आणि हत्तीरोगाचे कृमी यांतही ती वाढते. उलट संख्या साधारण आहे म्हणजे जंत नाहीत, असंही नाही. अळ्या शरीरात फिरत असताना इओसिनोफिल चढतात. जंत आतड्यात स्थिरावले की पुष्कळदा खाली येतात. पोटातले अमिबा आणि जिआर्डिया हे जंत नव्हेत, त्यांच्यात इओसिनोफिल सहसा वाढत नाहीत. म्हणून शंका असेल तर शौचाची तपासणी करून घ्या. एका नमुन्यात अंडी सापडली नाहीत तर वेगवेगळ्या दिवशीचे दोन-तीन नमुने द्या.

स्टिरॉइडबाबत एक सावधगिरी बाळगा. गुडघेदुखीच्या ‘जादूच्या’ पुड्यांत पुष्कळदा स्टिरॉइड असतं. स्टिरॉइड इओसिनोफिल खाली आणतं, म्हणून रिपोर्ट चांगला दिसतो, पण शरीराची जंतांवरची पकड सुटते. स्ट्राँगिलॉइड्स नावाचा एक बारीक कृमी शरीरातच आपली पिलावळ वाढवून वर्षानुवर्षं गुपचूप राहतो. स्टिरॉइडमुळे तो अंगभर पसरून जिवावर बेतू शकतं. शाळेतली एक गोळी त्याला पुरत नाही, औषध वेगळं लागतं. आयुष्य अनवाणी शेतात गेलं असेल आणि डॉक्टर दीर्घकाळ स्टिरॉइड देणार असतील, तर ही गोष्ट त्यांना आपणहून सांगा.

गोळी: कुणाला, किती, कधी

राष्ट्रीय जंतनाशक दिवस २०१५पासून पाळला जातो. साधारणपणे १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्टच्या सुमारास एक ते एकोणीस वर्षांच्या मुला-मुलींना अंगणवाडीत, शाळेत आणि कॉलेजात अल्बेंडाझोलची गोळी फुकट देतात. तारीख मागे-पुढे होते. आशाताईंना विचारून घ्या. त्या दिवशी राहिलेल्या मुलांसाठी पुढे आणखी एक दिवस ठेवलेला असतो.

एक ते दोन वर्षांच्या बाळाला ४०० मिलिग्रॅमची अर्धी गोळी, पाण्यात कुस्करून. दोन वर्षांपुढे पूर्ण गोळी. तीन वर्षांपर्यंत तीही कुस्करूनच द्या. मोठ्यांनी चावून खायची, अख्खी गिळायची नाही. रडणाऱ्या किंवा आडव्या झोपलेल्या लेकराच्या तोंडात गोळी कोंबू नका, घशात अडकते. त्या दिवशी ताप-जुलाब असतील तर बरं वाटल्यावर द्या. पूर्वी झटके आलेले असतील तर आधी डॉक्टरांना विचारा. गरोदर बाईनं पहिले तीन महिने गोळी घ्यायची नाही. नंतर डॉक्टर सांगतील तेव्हा आणि तशीच घ्यायची.

गोळीनंतर थोडी मळमळ, पोटात दुखणं, चक्कर येऊ शकते. पोटात जंत जास्त असले तर हा त्रास जास्त होतो. सावलीत बसवून पाणी पाजा. बहुधा काही तासांत ओसरतो. शौचात जंत पडले नाहीत म्हणून गोळी खोटी ठरत नाही. हूकवर्म इतका लहान असतो की सहसा नजरेला पडत नाही.

आता सुरुवातीच्या प्रश्नाचं उत्तर. ही एक मात्रा आतड्यात असलेले जंत मारते. त्या दिवशी फुप्फुसातून प्रवास करणारी अळी त्यातून सुटू शकते. शिवाय दुसऱ्याच दिवशी अंगणातल्या मातीतून नवं अंडं पोटात गेलं, तर दोन-अडीच महिन्यांत त्याचा पुरता जंत होऊन तो स्वतः अंडी घालू लागतो. गोल जंतावर ही गोळी उत्तम चालते, हूकवर्मवर बऱ्यापैकी, चाबूक जंतावर एका मात्रेत कमीच. म्हणून वर्षातून दोनदा, आणि म्हणूनच नुसत्या गोळीवर भागत नाही.

रात्री शौचाच्या जागी खाज येऊन लेकरू रडत असेल तर तो वेगळाच जंत: दोऱ्यासारखा बारीक पांढरा. तो मातीतून येत नाही. नखं, चड्ड्या, अंथरूण यांतून घरभर फिरतो. त्यासाठी घरातल्या सगळ्यांनी डॉक्टरांच्या सल्ल्यानं एकाच दिवशी औषध घ्यायचं, दोन आठवड्यांनी पुन्हा घ्यायचं, आणि पांघरुणं गरम पाण्यात धुऊन उन्हात वाळवायची.

समजुती आणि घरगुती उपाय

गूळ-साखर खाल्ल्यानं जंत होत नाहीत. अंडं किंवा अळी शरीरात गेल्याशिवाय जंत होत नाही. झोपेत दात खाणं, तोंडावर फिकट पांढरे चट्टे उठणं ही जंतांची खूण नव्हे. असे चट्टे बहुतेकदा कोरड्या कातडीचे असतात. माती खाणं मात्र हलक्यात घेऊ नका. ते रक्तक्षयाचं लक्षण असू शकतं आणि त्याच मातीतून जंतही येतात.

वावडिंग आणि पळसपापडी आयुर्वेदात कृमींवर सांगितली आहेत. द्यायचीच असतील तर वैद्यांकडून, मात्रा मोजून द्या. घरी चिमटीच्या अंदाजानं लहान बाळाला देऊ नका आणि त्यापायी गोळी चुकवू नका. हळद आपल्या वावरात पिकते, पण हळदीच्या दुधानं जंत पडत नाहीत. ‘इम्युनिटी’ची पावडर, काढे, सिरप यांचंही तसंच. जंत राहतात ते शरीराची लढण्याची ताकद कमी आहे म्हणून नव्हे. ते तिला गुंगवून राहतात. पैसे खर्चायचेच तर डाळ, अंडी, हिरव्या भाज्या यांवर खर्च करा. आतड्याचं अस्तर रोज नवं होतं, त्याला प्रथिनं लागतात. गेलेल्या रक्ताला लोह लागतं.

वावरात, घरात, गावात

खुरपणीला आणि हळद काढणीला बंद बूट घाला. गमबूट सगळ्यात बरे. हातमोजे घातलेत तर उत्तम. आखाड्यावर राहणारी कुटुंबं आणि कारखान्याच्या हंगामात कोपीत राहणारे ऊसतोड मजूर यांच्यासाठी शौचाची सोय मालकानं, मुकादमानं करायलाच हवी. एका माणसाच्या विष्ठेतले जंत अख्ख्या टोळीच्या पायांना भेटतात. गावातल्या एकूण जंतांपैकी बहुतांश जंत थोड्याच लोकांच्या पोटात असतात, असं ठिकठिकाणी आढळलं आहे. म्हणून सोयीबाहेर राहिलेली चार घरंही सगळ्या गावाला महागात पडतात.

दोन खड्ड्यांचं शौचालय असेल तर एक भरल्यावर तो बंद करून दुसरा सुरू करा आणि बंद खड्ड्याला किमान दोन वर्षं हात लावू नका. गोल जंताची अंडी सगळ्यात चिवट, ती मरायला तेवढा वेळ द्यावा लागतो. एकाच टाकीचं शौचालय असेल तर टँकरनं उपसलेला मैला वावरात सोडू देऊ नका.

हात साबणानं चोळून धुवा, नखं बारीक ठेवा. सॅनिटायझर या अंड्यांना मारत नाही, साबण-पाणी त्यांना धुऊन काढतं. पाण्यात टाकलेलं ब्लीचिंग जिवाणूंसाठी हवंच, पण जंतांची अंडी त्यानं मरत नाहीत. पावसाळ्यात आणि पुरानंतर पाणी गाळून उकळा. काकडी, गाजर, मुळा, कोथिंबीर, मेथी वाहत्या पाण्याखाली धुवा. माती मुळाशी आणि पानांच्या बेचक्यात अडकलेली असते.

दवाखाना कधी गाठायचा

लेकराचं पोट फुगलंय, शी-पाद बंद आहे, हिरवट उलट्या होतायत किंवा उलटीतून जंत पडलाय, अशा वेळी घरी जंताची गोळी देऊ नका. जंतांच्या गुंत्यानं आतडं अडलेलं असू शकतं. थेट वसमतच्या सरकारी दवाखान्यात किंवा नांदेडला न्या. काळी शी, दम लागणं, पांढरेफटक ओठ, कावीळ, पहिल्यांदाच आलेला झटका, यांतही वाट पाहू नका.

शेवटी एक काम आजच करा. वीस वर्षांवरची माणसं शाळेच्या यादीत नसतात. वावरात दिवसभर अनवाणी खुरपणारी बाई त्यामुळे या गोळीतून सुटते, आणि हूकवर्म नेमका तिलाच जास्त छळतो. घरातल्या अशा प्रत्येक बाईचं हिमोग्लोबिन आरोग्य केंद्रात तपासून घ्या, कमी असेल तर शौचाची तपासणी करा, पाळी चुकली असेल तर ते आधी सांगा आणि डॉक्टरांच्या सल्ल्यानं तिलाही जंतांचं औषध सुरू करा. लोहाच्या गोळ्या सोबत लागतीलच. तीन महिन्यांनी रक्त पुन्हा तपासा.